डावं पेडल

रविवार हा सुट्टीचा वार असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा थोरलीचा रविवार बघावा. आठवडाभर रक्त तपासायच्या लॅबमध्ये उभं राहून लोकांच्या शिरा शोधायच्या, आणि सातव्या दिवशी दोन बस बदलून बाबांच्या घरी जाऊन सायकलचा गंज खरवडायचा. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि नखांत काळं तेल. लॅबमध्ये ती हातमोजे घालायची तेव्हा बरोबरच्या पोरी विचारायच्या, ताई, रविवारी तुम्ही गॅरेजमध्ये नोकरी करता की काय? ती हसायची. समजावून सांगायचंही तिच्या जिवावर यायचं.

गोष्ट तशी साधी होती. आई गेल्यापासून बाबा एकटेच राहत होते, आणि ऐंशीच्या घरात आले होते. उन्हाळ्यात ते न्हाणीत पडले. शेजारणीला हाक ऐकू जाईपर्यंत तसेच ओल्या फरशीवर पडून राहिले. मग एकदा गॅस चालू ठेवून झोपले. तेव्हापासून थोरली आठवड्यातून दोन संध्याकाळी लॅबमधून परस्पर तिकडे जायची, आणि रविवारी अख्खा दिवस. दोन घरांचं रांधणं, दोन घरांची औषधं, दोन घरांची वीजबिलं. तिच्या नाकी नऊ आले होते. धाकटी बहीण लांब राहायची आणि फोनवरून काळजी करायची. त्या काळजीला बस बदलावी लागत नाही.

"बाबा, माझ्याकडे चला," थोरली दर खेपेला म्हणायची. बाबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. ऐकू येत नाहीसं दाखवायचे, नाहीतर एकदम पंख्याच्या आवाजाबद्दल बोलायला लागायचे. शेवटी एक दिवस तिने फारच लावून धरलं, तेव्हा म्हणाले, "मागच्या शेडमधली सायकल आहे ना, ती चालती कर. एकदा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. मग तू म्हणशील तिथे येतो."

थोरलीने तो शब्द पकडून ठेवला. बुडत्या माणसाने काय पकडावं याला काही नियम नसतो.

सायकल काळी, जड, उंच दांड्याची. बाबांनी घेतली तेव्हाच ती जुनी होती. कारखान्यात ते फिटर होते, आणि इतकी वर्षं पाळीला याच सायकलवरून गेले. निवृत्त झाल्यावर शेडमध्ये भिंतीला टेकवली ती टेकवली. वरचा पत्रा गळत होता, तो थेट तिच्यावरच. थोरलीने तिला बाहेर ओढून काढलं तेव्हा चाकं फिरली नाहीत, फरफटत आली. चेन एका तुकड्यात ताठ झाली होती. ब्रेकचे गज जागच्या जागी चिकटले होते. सीटचा दांडा वर होत नव्हता, खाली होत नव्हता. हँडल वळवलं तर पुढचं चाकच तेवढं हट्ट धरून उभं. अशा गोष्टीला माणसं भंगार म्हणतात आणि मोकळी होतात. ती सोय थोरलीला नव्हती.

मग रविवारमागून रविवार गेले. बाबा मागच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि ती पायरीखाली, जुन्या चादरीवर. ते सांगायचे, ती करायची. चेन रॉकेलमध्ये बुडव. सीटच्या दांड्याच्या बुडाशी तेल सोड, आणि आता हात लावू नकोस, पुढच्या रविवारपर्यंत त्याला पिऊ दे. गरम पाण्याचं फडकं गुंडाळ. आता हातोडीने टिचक्या मार, टिचक्या म्हटलं, घाव नव्हे. जबरदस्ती केलीस तर तुटेल, आणि तुटलेलं जुळत नाही. लहानपणी बाबांनी तिला हत्यारांच्या पेटीला हात लावू दिला नव्हता. आता पान्यांचे आकडे तिला न बघता कळायला लागले होते. सीटचा दांडा एके दिवशी कुरकुरत फिरला तेव्हा बापलेक दोघंही ओरडले. चाकांतले छर्रे नवे बसले. हँडल सुटलं. ब्रेकचे गज घासकागदाने घासून घासून तिच्या बोटांची साल निघाली, पण तेही हलले. थोरलीला हे आवडायला लागलं होतं असं कुणी म्हणेल. तसं काही नव्हतं. तिला फक्त शेवट दिसत होता, आणि दमलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

आणि तिथेच घोडं अडलं. उजवं पेडल निघालं, साफ झालं, परत बसलं. डावं निघेना. त्याच्या आतलं बेअरिंग गंजाने पार खाल्लं होतं, ते फिरतच नव्हतं, म्हणजे काढल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"डावीकडे फिरव," बाबा म्हणायचे. ती पान्यावर लोंबकळायची.

"निघत नाही हो."

"अजून तेल सोड. पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारी ती पान्याच्या दांड्यात पाइप अडकवून जोर लावायची. त्याच्या पुढच्या रविवारी पाय देऊन उभी राहायची. पेडल तेलात भिजत पडलं होतं, आणि बाबांच्या येण्याचंही तसंच भिजत घोंगडं. "कुठवर आलं सायकलचं?" असं नवरा दर रविवारी रात्री विचारायचा आणि ती "डावं पेडल" एवढंच म्हणून अंथरुणावर पडायची.

नवरा माणूस वाईट नव्हता. त्याने त्या सायकलला बोट लावलं नव्हतं इतकंच. पण एका रविवारी सकाळी, चहा पिता पिता, त्याला फोनवर सायकल खोलायचा कुठलातरी व्हिडिओ सापडला आणि त्याच्या अंगात एकदम कारागीर संचारला.

"अगं, हे बघ! डावं पेडल उलट्या आट्याचं असतं म्हणे. सगळ्या सायकलींचं. सुटायला घड्याळाच्या काट्यांसारखं फिरवायचं, उजवीकडे. तू कुठे फिरवत होतीस?"

"डावीकडे."

"म्हणजे इतके दिवस तू ते आवळत होतीस!" तो पोट धरून हसला. "तुला माहीत नसणार, ठीक आहे. पण बाबा? ते तर फिटर…" आणि मग तो हसायचा थांबला. तिच्याकडे न बघता त्याने फोन उलटा ठेवला.

थोरलीने कप विसळला, पिशवी घेतली आणि निघाली. पहिल्या बसमध्ये तिला वाटलं, बाबा विसरले असतील, वय झालंय. दुसऱ्या बसमध्ये तिला उजवं पेडल आठवलं, ब्रेकचा प्रत्येक नट आठवला. बाबा एकदाही चुकले नव्हते. तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. खिडकीशी बसलेल्या बाईला वाटलं असेल, हिला बस लागतेय.

बाबा खुर्चीत बसूनच होते. चादर अंथरलेली, पाने ओळीने मांडलेले.

"बाबा, डावं पेडल कुठे फिरवायचं?"

"डावीकडे. किती वेळा सांगायचं तुला."

"उलटे आटे असतात त्याला."

बाबा गुडघ्यावरचा न दिसणारा धुरळा झटकत राहिले.

"जन्मभर फिटर होतात तुम्ही. ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं," ते म्हणाले.

थोरलीला वाटलं होतं ती खूप बोलेल. बसमध्ये सगळं जुळवून आणलं होतं. पण ती पायरीवर बसली, पिशवी मांडीवर तशीच.

"मी दमलेय हो, बाबा. मला रडायलासुद्धा वेळ मिळतो तो बसमध्ये. आणि तुम्ही मला आवळायला लावता?"

"मला वाटलं, तुला कंटाळा येईल," बाबा हळू आवाजात म्हणाले. "म्हणशील, मरू दे ती सायकल, राहा तुम्ही इथेच. तू सोडशील असं वाटलं. तू काही सोडेनास."

"आणि न्हाणीत परत पडलात म्हणजे?"

"पडलो तर पडलो."

"पडाल तुम्ही. पण उचलायला मी येणार ना!" ती ओरडली. शेजारची खिडकी उघडली आणि लगेच बंद झाली.

मग तिला रडूच फुटलं. थोरलीचं रडं ओसरलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. मग बाबांनी विचारलं, "तुझ्याकडे माझी खोली कुठली गं?"

तिने वर बघितलं.

"तू म्हणतेस, तुमची खोली तयार आहे. दोन खोल्या आहेत तुला. एकीत तुम्ही दोघं, एकीत विहीणबाई. तिसरी कधी बांधलीस?"

खोटं रेटून न्यायला अंगात जोर लागतो. तो थोरलीच्या अंगात उरला नव्हता. "खोली नाहीये," ती म्हणाली. "हॉलमध्ये दिवाण आहे. पडदा लावून देईन म्हणत होते. मागितली असती, तर सासूबाईंनी खोली सोडली असती. मी मागितलीच नाही. मला तोंड उघडायचं त्राण नव्हतं, बाबा. खरंच नव्हतं."

"हं," बाबा म्हणाले. रागावले नव्हते. उलट, नेमकं काय बिघडलंय ते शेवटी कळल्यावर कारखान्यात करत असतील तसा त्यांचा चेहरा झाला. "आधी सांगायचंस. पडदा नको लावू, मला गुदमरतं. दिवाणामागे भिंतीशी जागा किती आहे?"

तिने हाताने दाखवली. वीत आणि वर थोडी.

बाबा खुर्चीचा हात धरून उठले. सायकलपाशी गेले, वीत पसरून पेडलपासून मोजलं, मग पेडल सोडून मोजलं. "पेडलांसकट नाही बसायची. दोन्ही काढली आणि हँडल वळवून ठेवलं, तर भिंतीला चिकटून राहील."

"तुम्ही ही नेणार?"

"मग काय, परत त्या पत्र्याखाली सडायला ठेवू? इतकी घासलीस ती."

त्यांनी पाना उचलला, डाव्या पेडलला लावला, आणि उजवीकडे जोर दिला. पाना तसूभरही हलला नाही. परत दिला. 

"पार आवळून ठेवलंयस," ते धापा टाकत म्हणाले.

"तुम्हीच लावलंत आवळायला."

"मी सांगितलं थोडं, तू केलंस फार. लहानपणापासून हेच." आणि ते हसले. तिला हसायचं नव्हतं, पण आलं.

मग बाबांनी सायकल अंगावर घेऊन घट्ट धरली, उजवं पेडल पायरीला अडवलं. थोरलीने पान्यात पाइप अडकवला, चपला काढल्या आणि पाय दिला. इतके रविवार ज्या दिशेला तिने अंग टाकलं होतं, त्याच्या बरोबर विरुद्ध. काही होईना. "टेकून उभी राहा, उड्या नको मारूस," बाबा म्हणाले. ती टेकून उभी राहिली. तिचं सगळं वजन, पिशव्या वाहून वाकलेले खांदे, कुरकुरते गुडघे, सगळं त्या पाइपवर. आणि कडाक असा आवाज आला. तिला वाटलं, मोडलं. मोडलं नव्हतं. पाना सैल झाला होता.

पुढचे आटे बाबांनी बोटांनी सोडवले. एकेक फेरा, सावकाश, आणि पेडल त्यांच्या हातात आलं. ते पायरीवर तिच्या शेजारी टेकले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"चालवायचं मात्र नाही जमणार मला," ते म्हणाले. "पाय दांड्यावरून जात नाही."

"माहितीये."

"कधीपासून?"

"सीटचा दांडा सुटला त्या दिवसापासून. सीट किती उंच ठेवायची, ते तुम्ही सांगितलंच नाहीत."

बाबांनी मान हलवली. पेडल फडक्यात गुंडाळलं, दोन गाठी मारल्या आणि तिच्या पिशवीत ठेवलं. मग घराकडे एकदा वळून बघितलं, आतल्या अंधारात नाही, नुसतं दाराकडे.

"गाडी कधी बोलावतेस?"

उन्हाळ्यापासून ती याच एका प्रश्नाची वाट बघत होती. आता तो आला, आणि थोरलीला एकही वार सांगवेना.