धारेला कोण बसणार

“ठिव ती चरवी खाली,” अजिनाथ म्हणाला. “आजपासून धारंला तू बसायचं नाय.”

म्हाळसाबाईचा हात शेळीच्या कासेवरच थांबला. कन्नड गावाच्या रस्त्याकडच्या या वस्तीवर सून म्हणून आल्यापासून, बाळंतपणं सोडली तर, धारेला तीच बसत आली होती. शेळ्या तिच्या हाताला पान्हवत आणि दुसऱ्या कुणाला लाथ झाडत. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

आरोग्य शिबिरात तपासणी झाली तेव्हा तिच्या छातीत काहीतरी दिसलं होतं. मग शहरातल्या दवाखान्यात सुई घालून तुकडा काढला आणि काल डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, “कॅन्सर आहे, पण दुधाच्या नळीतच आहे, नळीबाहेर पडलेला नाही. घाबरू नका.” पहिला शब्द कानावर पडल्यावर पुढचं कोण ऐकतं? अजिनाथनं घरी दोनच गोष्टी आणल्या, कॅन्सर आणि दुधाची नळी. ‘घाबरू नका’ तिथंच बाकावर राहून गेलं.

आता शेळ्या-मेंढ्यांवर पिढ्या काढलेल्या घराला कासेचे रोग कुणी शिकवायला नकोत. शेळीला दगडी झाली की कास घट्ट होते, दूध नासतं. ती शेळी वेगळी बांधायची, तिचं दूध फेकायचं आणि तिला लावलेला हात दुसरीला लावायचा नाही, कारण हे दुखणं हातानंच एका कासेतून दुसरीत जातं. शेळ्यांपुरतं हे शहाणपण सोळा आणे खरं होतं. अजिनाथनं ते बायकोला लावलं.

“मी काय शेळी हाय व्हय?”

“लेकरं पितेत ते दूध. उद्या कुनाला काय झालं म्हंजी?”

सून प्रांजलीनं खाली मान घालून चरवी उचलली. शेजारची सरूबाई नातवासाठी शेळीच्या दुधाचा रतीब घ्यायची. दुपारी ती केळी घेऊन आली, शेवटचं भेटायला यावं तशी डोळे पुसत बसली आणि उठताना म्हणाली, “आक्का, राग नको मानू, पर उद्यापासून रतीब नको.” म्हाळसाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण जिवंत आहोत आणि ही बाई आपल्याला मसणात पोचवून निघाली.

दुसऱ्याच दिवशी तिनं नवऱ्याला एसटीत बसवलं आणि दवाखाना गाठला. ती डॉक्टरीणबाई, श्रेया, तिच्या लेकीच्या वयाची होती.

“बाई, हे मरायचं दुखनं हाय का?”

“नाही आजी. तेवढाच भाग काढून टाकू. वेळेत काढला की जिवाला धोका अगदी कमी.”

“आन् धारा काढल्या तर दुधातून कुनाला लागतंय?”

“छे. कॅन्सर असा कुणाला लागत नाही. खुशाल काढा धारा.”

“ऐकलं?” म्हाळसाबाई नवऱ्याला म्हणाली. मग ती श्रेयाकडे वळली. “मंग बाई, त्याला कॅन्सर कशाला म्हन्ता?”

श्रेया म्हणाली, “नावच तसं आहे. काही जणींत ते पुढं पसरतं, पुष्कळ जणींत नाही. कुणात पसरेल ते आधी नीट सांगता येत नाही. नाव बदला, असं बरेच डॉक्टर म्हणतात. काहींना वाटतं, नाव साधं केलं तर बायका उपचारच घेणार नाहीत. वाद चाललाय.”

“चालू द्या. खुर्चीत बसून वाद घालाया काय जातंय? तिकडं घरात माझी जागा गेली. करडाला ताप आला तर आमी ताप म्हन्तो बाई, मेलं म्हनत नाय.”

श्रेयानं हे नाव ठेवलं नव्हतं. ज्यांनी ठेवलं त्यांना कुणीतरी या वस्तीवर आणून आठ दिवस ठेवायला हवं होतं, या बाईच्या शेजारी, रिकाम्या हातानं.

छोटंसं ऑपरेशन झालं. तपासणीत बाकी सगळं स्वच्छ निघालं. “झालं ना आता?” घरी आल्यावर म्हाळसाबाईनं नवऱ्याला विचारलं.

“ती बाई लई चांगली हाय,” अजिनाथ म्हणाला. “पर कॅन्सर न्हवता, असं नाय म्हन्ली ती.”

जखम भरली, हात वर जाऊ लागला. एका संध्याकाळी म्हाळसाबाईनं प्रांजलीच्या हातून चरवी घेतली आणि कुणाला न विचारता शेळीखाली बसली. शेळी हलली नाही. फेस वर येईपर्यंत तिनं धार काढली. अजिनाथ पुढं आला, भरली चरवी उचलून कुंपणापलीकडे गेला आणि दूध ओतून आला. तिच्याकडे न बघताच त्यानं चरवी खाली ठेवली.

म्हाळसाबाईनं ती विसळली आणि दुसऱ्या शेळीखाली बसली.