बोटांच्या खुना

नातवाच्या बरगडीवर चार निळी बोटं उमटल्याली मी पयल्यांदा बघितली, तवा सुनंच्या थोबाडीत द्यायला हात उचलला हुता. खोटं कशाला बोलू? माझं तोंड आन हात आधी चालत्यात, डोकं मागनं येतं, हे आख्ख्या गावाला ठावं हाय.

"पोराला मारतीस व्हय गं भवाने? धा म्हयन्याचं लेकरू त्ये!"

"न्हाई वो आत्या. निस्तं आंघुळीला उचललं," विजयमाला म्हनली आन रडायला लागली.

मला आत्या म्हनती, कारन ती माझ्या धाकट्या भावाची, गहिनीनाथची लेक. भाची सून करून आनली मी. पन त्या दिवशी तिचा इस्वास न्हाई धरला. म्हनलं, दुष्काळाचं साल, दिसभर सरकारी कामावर खडी फोडून पोरगी वैतागती, घेतला आसंल चिमटा. दुसऱ्या दिवशी नातवाला, गोरक्षला, मीच न्हाऊ घातलं, मीच उचललं, हलक्या हातानं. सांच्याला झबलं काढलं तर बरगडीवर बोटं. माझी. आंगठा सुदिक जागच्या जागी.

आसली बोटं मी ल्हानपनी बघितल्याली हुती, गहिनीनाथच्या आंगावर. कुनी जरा दाबून धरलं की निळं. कुटं पडला की गुडघा भोपळ्यागत फुगायचा आन पोर म्हयना म्हयना बाजंवर. आता पंचेचाळिशीचा हाय, काठीबिगर चालत न्हाई. त्याच्या आधी आमच्या आयचा भाऊ, छगनमामा. दाढ उपटली आन रगत थांबंना. तिसऱ्या दिवशी मामा गेला. त्याच्या चुळांनी आंगन लाल झालं हुतं, आसं आय सांगायची.

तर मंग आसल्या घरातली पोरगी केलीच कशी, म्हनाल. बघून केली! माझा थोरला दीर मच्छिंद्र लई चिकित्सक मानूस. सोयरीक करायची म्हंजी घरान्याची खोड बघायची, बैल घेताना दात बघत्यात तशी. गहिनीनाथच्या दारात बसला आन म्हनला, "तुजी पोरं बोलाव." दोन्ही पोरं आली. थोरल्याचं नाव कानिफनाथ. दिरानं इळा घेतला आन दोघांच्या करंगळीला बारीक चीर दिली. चा पिऊन हुईस्तवर रगत सुकलं.

"खोड बापापाशी सपली. पोरं निर्मळ हायती," दीर म्हनला. मी तर हरकून साखर वाटली. विजयमाला चुलीम्होरं बसून चा गाळीत हुती. तिच्याकडं कुनी बघितलं बी न्हाई. पोरीत काय बघायचं?

आता ऐतवारी गोरक्षचे कान टोचायचे हुते. मामाच्या मांडीवर बसवून टोचत्यात, म्हनून कानिफनाथ येनार हुता. माझा ल्योक श्रीमंत नागापूरला कारखान्यात, त्याला सुट्टी न्हवती. तवा घरात सबूद दिराचा. मी दिराला त्या निळ्या बोटांचं सांगून बघितलं, तर म्हनला, "उष्णतेनं आसंल."

ऐतवारी मिरजगावचा सोनार डबी घिऊन आला. गहिनीनाथ बी आला, काठी टेकीत. मी त्याच्याम्होरं पोराचं झबलं वर केलं. त्यानं बघितलं. भितीला धरून हळूहळू खाली बसला, आन माझ्या भावाचं तोंड आसं झालं की मला त्याच्याकडं बघवंना.

"आक्का," म्हनला, "सोनाराला माघारी लाव."

कानिफनाथ मांडी घालून बसला हुता. पोर त्याच्या मांडीवर, हातात बत्तासा. सोनारानं तार काढली.

"थांबा!" मी वरडले. "न्हाई टोचायचं!"

दीर हासला. "मालनबाई, उन्हानं डोस्कं फिरलं व्हय? आगं, मामा बघ की कसा खनखनीत हाय! दाव रं कानिफ करंगळी." कानिफनाथनं करंगळी वर केली. बारीक पांढरी रेघ. "पोर मामावर जातंय. टोचा वो."

तवा माझ्या डोक्यात लख्ख झालं. छगनमामा आन गहिनीनाथ, दोघांच्या मधी कोन? माझी आय. गहिनीनाथ आन गोरक्ष, दोघांच्या मधी कोन? ही विजयमाला. दोघी ठनठनीत. आपुन पोरांच्या करंगळ्या कापीत बसलो, आन ते बायांच्या वाटंनं गुमान चालत आलं. मंग मी? मी बी त्याच आयच्या पोटची. श्रीमंत वाचला तो निस्त्या नशिबानं.

"भावजी, मामावर जातंय का आज्यावर, ते मी बघते," म्हनलं आन पोर उचललं. आजवर दिराम्होरं मान वर केली न्हवती.

दिराला ते लागलं. सोयऱ्यांम्होरं बाईनं सबूद मोडला. "आन इकडं!" म्हनून त्यानं पोराचा दंड धरला. मी सोडीना. त्यो वडतोय, मी वडतीय, आन पोराचं तोंड माझ्या पाटलीवर आदळलं.

रडलं बी न्हाई फारसं. खाली दोनच दात आल्यालं, ते व्हटात रुतलं. रगताचा एक थेंब हनुवटीवर आला. सोनाराची तार आजून हातातच हुती.

"येवढंसं तर लागलंय," दीर म्हनला. "थांबंल."

हळद दाबली. चा टाकला कुनीतरी. चा पिऊन झाला. सोनारानं डबी मिटली आन चपला घालून मुकाट गेला. दीर आधी हुबा हुता, मंग बसला, मंग परत उठून फडकं बघून गेला. फडकं वलं हुतं. गहिनीनाथ भितीकडं तोंड करून बसला हुता. कानिफनाथ नगरची एसटी बघायला फाट्यावर पळाला. गोरक्ष माझ्या मांडीवर दमानं व्हट चोखत हुता, आन तोच चोखू नये म्हनून मी त्याच्या तोंडात बोट धरलं हुतं. बोट लाल, पदर लाल.

विजयमाला फडकं पिळून आली. रडली न्हाई. माझ्याम्होरं बसली.

"आत्या," म्हनली, "त्या दिवशी माझी करंगळी का न्हाई कापली कुनी?"

"कापून काय कळलं आसतं गं पोरी?" मी म्हनलं. "आपलं रगत थांबतंय."