गाठीचा आकार, जुन्या व्हर्जनमध्ये

०.१

लाल.

सुयशने पुन्हा चालवलं. लाल. कोडमध्ये कालपासून एक अक्षर बदललेलं नाही, आणि आज टेस्ट नापास. यकृताचा तोच स्कॅन, तीच गाठ. आकार १४.२ मिलिलिटर यायला हवा, येतोय १५.१.

आज संध्याकाळपर्यंत सॉफ्टवेअर हॉस्पिटलला द्यायचंय. दिलं तर प्रोजेक्ट पुढे. प्रोजेक्ट पुढे तर त्याचा फेरट्राग पुढे, आणि नोकरीचा हा करार असेल तरच व्हिसा. नाहीतर एर्लांगेनमधली खोली, सायकल, अर्धी पीएचडी,

(हे वाक्य पुरं करायचं नाही.)

०.२

सापडलं. स्कॅन वाचणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, रात्रीत बदललीये. प्रोग्रॅमला काय काय लागतं त्या यादीत नुसतं तिचं नाव होतं, म्हणजे असेल ते ताजं घे. सर्व्हरने इमानाने ताजं घेतलं.

सुयशने नावापुढे जुन्या व्हर्जनचा आकडा टाकला. पिन केलं: आता हेच घ्यायचं. एक ओळ.

हिरवं.

हिरवं! त्याने खुर्चीतच दोन्ही हात वर केले. कोणी बघितलं नाही.

०.२.१

पण गटाचा नियम आहे: दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय बदल आत जात नाही. चार डोळे लागतात. दुसरे दोन ईप्सिताचे, ती कार्ल्सरूहेहून काम करते.

"अगं, एकच ओळ आहे. दाब ना मंजुरीचं बटण."

"एकच आहे म्हणूनच भीती वाटते. नव्यात काय बदललं ते वाचलंस?"

"वेळ कुठेय?"

"जा, जा. पिन मारायला वेळ आहे, वाचायला नाही. थांब, मीच बघते."

तिने बदलांची नोंद उघडून वाचली; फोनवर मागून ट्रामची घरघर.

"सुयश. जुनी लायब्ररी स्कॅनचे कडेचे काप मोजतच नव्हती. ती चूक त्यांनी सुधारलीये."

"म्हणजे १५.१..."

"बरोबर असेल. आपण १४.२ आणलं कुठून होतं?"

त्याला माहीत होतं. तिलाही. टेस्ट लिहिताना प्रोग्रॅम एकदा चालवला आणि आला तो आकडा बरोबर उत्तर म्हणून लिहून टाकला. दोघांनी. चार डोळ्यांनी.

०.३ (ही आवृत्ती मागे घेतली)

दाब म्हणू का. सोमवारी दुरुस्त करू. आज कोणाला कळणा

०.४

याच स्कॅनवर डॉक्टरांनी हाताने आखलेली गाठ त्याने मोजली. १५.०.

"बोल की," ईप्सिता म्हणाली.

"नवीन पिन करतो. टेस्ट लाल राहू दे. बरोबर आकडा काय ते डॉक्टर ठरवतील. आज काही देत नाही आपण."

"आणि फेरट्राग?"

"वायडनरबाईंना विचारतो."

"विचारू नकोस, सांग. घाबरलास की तू सगळ्याचा प्रश्न करतोस."

०.५

गटाच्या प्रमुख फ्राउ वायडनर यांच्या खोलीत जाऊन सुयशने सगळं सांगितलं, आज देत नाही हेही. त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षीच्या अभ्यासातल्या रुग्णांच्या गाठी लायब्ररीच्या कुठल्या व्हर्जनवर मोजल्या होत्या?"

फेरट्रागचा विचार करता करता हे रुग्ण सुयशच्या डोक्यात आलेच नव्हते.

"माहीत नाही. तेव्हा काहीच पिन केलेलं नव्हतं."

"मग सगळे स्कॅन पुन्हा. आजपासून. तुम्ही आणि ईप्सिता."

"आणि माझा..."

"आधी हे. हॉस्पिटलला तुम्हीच सांगा." त्यांनी हॉस्पिटलचा नंबर लावला, फोन स्पीकरवर ठेवला, समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. पलीकडे रिंग वाजत होती. वाजत राहिली. मग कोणीतरी उचलला, आणि बाईंनी फोन त्याच्याकडे सरकवला.