उघडून पाहिलेलं कलम

पट्टीचा शेवटचा वेढा तिने नखाने सोडवला आणि कलमाची काडी किंचित हलली. तेवढंच. पण चार वर्षं फलोद्यानशास्त्र शिकलेल्या मुलीला तेवढं पुरेसं होतं. जोडाच्या कडेने पांढुरकी, नाजूक साय धरली होती, म्हणजे कलम जीव धरत होतं. आता तिथेच केसाएवढी चीर पडली होती. तिने घाईघाईने पट्टी पुन्हा आवळली.

बाप तिला भिंगरी म्हणायचा तो उगाच नाही. एका जागी बसेल तर शपथ. शेवटच्या वर्षाला आल्यापासून तर विचारूच नका. वर्गातल्या एकाने बियाण्यांच्या कंपनीत नोकरी पटकावली, दुसरा खेळाच्या मैदानांचं गवत सांभाळायला निघाला, खोलीतली मैत्रीण शीतगृहात फळं तपासायला जाणार होती. भिंगरी सोमवारी रोपवाटिका काढायची म्हणायची, गुरुवारी प्रयोगशाळेत संशोधन करायचं म्हणायची आणि रविवारी दोन्हींवर पाणी सोडायची.

एकच काम तिने मनापासून धरलं होतं. घरामागे आईने लावलेली नाशपाती होती. आई गेली, झाड राहिलं. या हिवाळ्यात रस्ता रुंद करायचा म्हणून तेही तोडलं. बाप निवृत्त बसचालक. तोडणाऱ्यांशी तो भांडला नाही, फक्त त्या दिवशी जेवला नाही. आदल्याच दिवशी भिंगरीने झाडाच्या काड्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळल्या होत्या. विद्यापीठात आणून तिने त्या रानटी नाशपातीच्या खुंटांवर बांधल्या. बाकीच्या सुकल्या, ही एकच उरली. पालवी दिसेपर्यंत पट्टीला हात लावायचा नाही, असं ती पहिल्या वर्षाच्या मुलांना स्वतःच बजावत असे.

बाप रोज फोन करायचा. मुलीची चौकशी दोन शब्दांत उरकून लगेच झाडाचं विचारायचा. वेळ लागतो, धीर धरा, असं त्याला सांगता सांगता तिचाच धीर सुटला होता.

पट्टी उघडल्यानंतरही ती फोनवर सगळं ठीक आहे म्हणत राहिली. इकडे काडी काळी पडत गेली. आणि एका सकाळी बापच न कळवता येऊन उभा राहिला, इस्त्रीचा शर्ट घालून, आजाऱ्याला भेटायला यावं तसा. तिने त्याला हरितगृहात नेलं.

"मी उघडून पाहिलं, बाबा. जीव धरत होतं. माझ्यामुळे गेलं."

तो कुंडीकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"कशाला उघडलंस?"

"राहवलं नाही."

"तुझ्या आईलाही राहवायचं नाही," तो म्हणाला. "ते झाड तिसऱ्या खेपेचं. आधीची दोन तिने मुळं धरली का बघायला उपटली होती. मला सांगितलं, शेळीने खाल्ली. आपल्या गल्लीत शेळी होती कुणाकडे?"

भिंगरीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. दोन्ही आवरता आवरेना. बापाने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, त्याला ते जमत नसे. तो वाकून जोडाखाली फुटलेल्या कोंबाला बोट लावून बघत होता.

"हे हिरवं कुणाचं?"

"खालच्या खुंटाचं. रानटी आहे. फळ खाण्यासारखं येत नाही. आम्ही काढून टाकतो."

"राहू दे. पिशवी आहे का एखादी?"

तिने विभागात विचारून कुंडी त्याला दिली आणि बसथांब्यापर्यंत सोबत गेली. आईची नाशपाती आता कुठेच उरली नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. जन्मभर गाडी चालवलेला माणूस खिडकीजवळच्या जागेवर बसला. कुंडी त्याने मांडीवर घेतली. काच बंद होत नव्हती म्हणून त्याने कोंबाभोवती तळहाताचा आडोसा धरला. बस सुटली तेव्हा तिच्याकडे बघून हलवायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.