मेंढरांची हाक

त्या फोनचा मला लई राग येतो. तोंड बी त्याचं, कान बी त्याचे, आन कोणाचं ऐकायचं ते बी त्यानंच ठरवायचं!

आमच्या ह्यांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. हे म्हणजे रखमाजी. नाव घ्यायची चाल न्हाई आमच्यात, पण तुमाला कळायला पायजे. डॉक्टरनं साफ सांगितलं, जीव वाचंल, आवाज जाईल. त्याला हे भ्याले न्हाईत. घरी येऊन मेंढरांकडं बघत बसले आन म्हणाले, "अनुसये, मी हाक न्हाई मारली तर ही कोणाच्या मागं येतील?"

ती हाक फिरस्तीच्या काळापासूनची. आमच्याकडल्या गोरेगावच्या शिवारात लोक खतासाठी वावरात मेंढरं बसवून घ्यायचे, बदल्यात जवारी द्यायचे. दिवस मावळला की हे बांधावरून 'हुर्रऽऽ ये बयेऽऽ' करायचे आन मी तीन दगडांच्या चुलीपासून ह्यांना जेवायला बोलवायला वरडायची. काय दिवस होते माय! पायात काटे, डोक्यावर बिऱ्हाड, पण मन भरलेलं असायचं. आता जिकडं तिकडं सोयाबीन, फिरणं सुटलं. मेंढरं बी थोडकीच राहिली.

लेक रागिणी पुण्याला कंपनीत आहे. दिवसभर तिच्या मिटिंगाच चालू असतात. ती म्हणाली, ऑनलाईन जमू, वारंगा फाट्यावरून प्रभूकाकाला बी घेऊ, बाबाशी बोलू आन हाक रेकॉर्ड करून ठेवू.

बोलणं सगळ्यांना बराबर गेलं. मग ह्यांनी उभं राहून हाक मारली, तर प्रभू भावजी म्हणाले, काहीच आलं न्हाई. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. आवाज आत्ताच गेला का, म्हणून मलाच विचारून राहिले. रागिणीनं समजावलं, फोन माणसाचं बोलणं तेवढं घेतो, बाकीचं गोंगाट म्हणून गाळून टाकतो. जिच्यावर जल्म काढला ती हाक गोंगाट? मी त्या फोनचा असा उद्धार केला की भावजी हसून हसून लोळले.

रागिणीनं ते गाळणं बंद करायला शिकवलं. मला बजावलं, आई, आता तू गप बैस. मी गप होते. पण दिवस मावळायला आलेला, हाक कानावर पडली, आन सवयीनं 'अवो, या आता' तोंडातून निघूनच गेलं. पोरगी कावली. म्हणाली, राहू दे, तुझं तेवढं कापून टाकते. तिनं कापून साफ केलेली हाक फोनवर पाठवून दिली.

ऑपरेशन झालं. हे घरी आले, गळ्याला पट्टी, बोलणं खुणांवर. मेंढरं ओढ्यापल्याड चरून राहिली होती. ह्यांनी फोनचा आवाज पुरा वाढवला आन हाक लावली. मेंढरांनी माना वर केल्या, इकडं तिकडं बघितलं आन पुन्हा चरायला लागली. ह्यांनी पुन्हा लावली. तेच झालं. हे बांधावर मटकन बसले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मला ते बघवेना. मेंढरांचा राग आला, फोनचा आला, देवाचा बी आला. ह्यांनी तरी घरात यावं म्हणून मी चुलीपासून वरडले, "अवो, या आता, भाकर गार होऊन राहिली!"

फोनवर हाक चालूच होती. म्होरकी मेंढी वळली. तिच्यामागं सगळी ओढ्यात उतरली आन धूळ उडवत थेट आमच्या दारात आली. इतकी वर्षं ती कोणाच्या मागं येत होती, ते आमाला बी ठाऊक नव्हतं.

रागिणीला सांगितलं तर बिचारी रडली. म्हणाली, आई, तुझ्या आवाजासकटचं जुनं रेकॉर्डिंग हाय माझ्याकडं, पाठवते, मग तुला रोज वरडायची तकलीफ नको.

ह्यांनी फोनपुढं हात हलवला, न्हाई म्हणून. आन माझ्याकडं बोट दाखवलं.