शेजारची पाहुणी

चंदेरी कागदातली गोळी... आकार अंड्याचा, पण अंडं नव्हे. बशीशेजारून उचलून कलसोमनं ती अंगठ्यानं दाबून पाहिली, जराशी मऊ लागली तेव्हा तिला बरं वाटलं. वितळतंय तर! लग्नात पाहुण्याच्या हातावर उकडलेलं अंडं ठेवायचं असतं, कागदी फुलाच्या काडीला बांधलेलं, वंश वाढावा म्हणून. चॉकलेटनं कुणाचा वंश वाढलाय? पण मांडवाच्या खांबाखांबावर विजेचे पंखे होते, गार वारा अंगावर येत होता, आणि गोळी काही त्यापुढं वितळायला तयार नव्हती. तिनं ती होती तिथं ठेवून दिली.

तिला बसवलं होतं नवरीच्या आईच्या, नोरमाहच्या टेबलाशी. पांढऱ्या आवरणाच्या खुर्चीवर, पाठीला फीत बांधलेली. लोकांना वाटत असेल, केवढा मान! कालचं कुणाला ठाऊक नव्हतं.

काल ती शिरस्त्याप्रमाणे सुरी आणि पाट घेऊन नोरमाहच्या घरामागं गेली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी शेजारणींनी असंच जायचं असतं — बोलावणं लागत नाही, उलट बोलावणं आलं की समजावं, आपण परके झालो. छापील कार्ड असतं ते दूरच्यांना, साहेबलोकांना, नवऱ्याच्या कचेरीतल्यांना. कलसोमच्या घरी सोनेरी अक्षरांचं कार्ड आलं तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली होती, चुकून आलं असेल, छापली असतील ढीगभर. आणि मनातून खरंच तसं धरून चालली होती. गेल्या वीस वर्षांत या गावातल्या एकाही लग्नात मटणाचा मसाला दुसऱ्या कुणाच्या हातानं पडलेला नव्हता; पुरुष कढई ढवळायचे, पण धणे किती, बडीशेप किती, हे कलसोमनं मुठीनं सांगायचं. आणि नोरमाह तर... नोरमाहच्या घरी काय विचारायचं असतं?

घरामागं चूल नव्हती. खणलेला चर नव्हता, नारळ खवणाऱ्या बायका नव्हत्या, कुणाची थट्टा नाही, कुणाची निंदा नाही. एक गाडी उभी होती आणि तिच्यातून स्टीलचे डबे उतरत होते. काळ्या टोपीतल्या माणसानं तिच्या हातातली सुरी पाहिली. "माक चिक, अहो मावशी, तुम्ही कुठल्या ठेकेदाराच्या? आमच्या चिरणाऱ्या बायका आल्यात."

'मी शेजारची,' असं ती म्हणते न म्हणते तोच वरच्या खिडकीतून नोरमाह ओरडली, "अगं सोम! ठेव ते बाई घरी! उद्या नटून ये, बसून जेवायला!"

बसून जेवायला... म्हणजे भिकाऱ्यासारखं? पाहुण्यासारखं म्हटलं तरी काय फरक पडतो. दोघंही दारातलेच, घरातले नव्हेत.

हे सगळं त्या बसमुळं. कलसोमला वाटायचं, तिच्या आयुष्यात जे जे झालं नाही ते सगळं त्या एका बसमध्ये बसून निघून गेलं. पिनांग बेटावर परदेशी कंपन्यांचे कारखाने निघाले होते, पोरींना न्यायला पहाटे बस यायची आणि रबराच्या गोदामापुढं दिवे लावून थांबायची. नोरमाह आणि ती, दोघींनी बरोबर जायचं ठरवलं होतं, एकाच रंगाचं कापड घेतलं होतं. कलसोमचे बाबा म्हणाले, नाही. गोऱ्या साहेबाच्या मळ्यात अर्धं आयुष्य परक्यांची झाडं चिरलेला माणूस. स्वातंत्र्यानंतर मोठ्या मुश्किलीनं दोन एकर रबर स्वतःचं केलेलं. "साहेब गेला, झाड राहिलं. कारखान्याचं काय, आज इथं, उद्या उठून भलतीकडं जाईल. झाड कुठं जातंय?" बाबांचं चुकलं म्हणायची सोय नव्हती, इतकं ते खरं वाटत होतं. नोरमाह एकटीच बसमध्ये चढली; कलसोम कपाळाला दिवा बांधून रबर चिरत राहिली, वाट्यांतला चीक गोळा करत राहिली. मग रबराचा भाव पडला, पुन्हा पडला, झाडं म्हातारी झाली, तोडली, आणि त्यांच्या जागी पामतेलाची ताडं उभी राहिली ती दुसऱ्याच्या नावानं. उरल्या तुकड्यावरून हमरस्ता गेला. कारखाना मात्र आहे तिथंच आहे, उलट वाढलाय. देशही वाढला म्हणतात — रेडिओवर तर रोजच वाढत असतो. माझ्या परसापर्यंत येऊन तो नेमका नोरमाहच्या बाजूला कसा वळला, एवढंच कुणी सांगत नाही.

सुरुवातीला गाव नोरमाहला हसायचं. विजेच्या वस्तूंच्या कारखान्यातली म्हणून करंटवाली म्हणायचं, उघड्यावर, तिच्या आईच्या तोंडावर. तेव्हा किती गोड वाटायचं! मग करंटवालीनं आईच्या घराला विटा लावल्या, गावात पहिला फ्रिज आणला. रमजानात संध्याकाळी सगळं गाव तिच्याकडं बर्फाला जायचं. कलसोमही जायची, भांडं घेऊन, ओढणीआड. नोरमाह सुट्टीवर आलेली असली की स्वतः बर्फ फोडून द्यायची, जरा जास्तच द्यायची, आणि दिवसभराच्या उपासानंतरचं ते गार सरबत कलसोमच्या घशाखाली उतरायचं नाही. जास्त का देते? कमी दिला असता तर भांडता तरी आलं असतं.

ताटात भात आला, मटण आलं. आता बघू! मशिनीचा मसाला, भाडोत्री हात... तिनं मटणाचा तुकडा बोटांनी तोडला, रस्सा भातात कालवला आणि घास तोंडात घेऊन डोळे मिटले. खोबरं कच्चं राहिलं असेल. नाही. बडीशेप पुढं येत असेल. तीही नाही. चांगलं होतं. तिच्या हातचं नव्हतं, पण चांगलं होतं, आणि गाव मिटक्या मारत जेवत होतं. कुणी मान वर करून विचारलंसुद्धा नाही की आज मसाला कुणी घातला. कलसोमनं दुसरा घास घेतलाच नाही, ताट पुढं सारलं.

तेवढ्यात शेजारची खुर्ची ओढून नोरमाह येऊन बसली. रेशमी, हिरवी, अत्तराचा वास. समोर नवरानवरी चौथऱ्यावर जाऊन बसली होती आणि लोक कॅमेरे घेऊन पुढं धावत होते.

"सोम," नोरमाह समोर बघतच पुटपुटली, "कशी दिसतेय गं माझी पोर?"

"समोर तर आहे. बघ की."

"मला नाही दिसत."

कलसोमला वाटलं ही मिरवतेय, आनंदाश्रू वगैरे. "पूस डोळे, मग दिसेल."

"अगं, पिवळं काहीतरी दिसतं. तोंड नाही दिसत." नोरमाह हसल्यासारखं करत होती, लोकांसाठी. "कारखान्यात केसाएवढ्या तारा जोडायच्या, दिवसभर भिंगात डोळा घालून. बारा वर्षं. डॉक्टर म्हणतो वयाचं आहे. वय तुझंही तेच आहे, मेले! व्याह्यांपुढं बोलू नकोस. ह्यांनाही मी धड सांगितलेलं नाही."

बरं झालं. कलसोमच्या मनात हाच शब्द पहिला आला, स्वच्छ, टवटवीत, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही. माझे डोळे धड आहेत. अंधारात झाडं चिरून चिरून माझे डोळे मांजरासारखे झाले आहेत, आणि हिचे...

"म्हणून कार्ड धाडलंस?" तिनं विचारलं.

"मग काय करू? साधं बोलावलं असतं तर तू सुरी घेऊन मागंच बसली असतीस, जन्मभराची खोड तुझी. मग इथं मी कुणाला विचारलं असतं?"

 इतकी वर्षं सांभाळलेला राग आता कुठं ठेवावा ते कलसोमला कळेना.

"सांग ना गं."

"पिवळा रंग खुलतोय तिला," कलसोम म्हणाली. "मुकुट जरा डावीकडं कललाय... नाही, आता नीट केला कुणीतरी. मेंदी गडद चढलीय. ओठ दाबून बसलीय, तू बसायचीस तशी."

"इकडं बघतेय का?"

मुलगी नवऱ्याच्या बहिणीशी कुजबुजत होती. तिनं या टेबलाकडं एकदाही पाहिलं नव्हतं.

"तुझ्याकडंच बघतेय," कलसोम म्हणाली.

नोरमाहनं हात उंच करून त्या पिवळ्या धुरकटाकडं हलवला, तोंडभर हसत, आणि तिकडून कुणीच काही केलं नाही. "हसली?" "हसली." हे मी का सांगितलं? कीव आली म्हणून, की हिला आता हवं ते दाखवता येतं म्हणून? कलसोमनं शोधून पाहिलं, तिला सापडलं नाही. नोरमाहनं टेबलाखाली तिचा हात घट्ट धरला होता, निर्धास्त, लहान मूल धरतं तसा. पुढं काय सांगेल ते सगळं खरं मानायच्या तयारीनं. आणि त्या हाताकडं बघता बघता कलसोमला पुन्हा तिचा हेवा वाटला. घराचा नाही, फ्रिजचा नाही, लग्नाचा नाही... डोळे मिटून ज्याच्यावर भरवसा टाकावा असं माणूस हिला आहे. मला कोण आहे?

"थांबलीस का?" नोरमाह म्हणाली. "पुढं सांग."