वरची पिशवी

हॉस्पिटलचं पुढचं दार काचेचं होतं. तिथे कुंड्या, गुळगुळीत फरशी आणि आवाज दाबून बोलणारी माणसं. मागचं दार पत्र्याचं, खालून गंजलेलं, आणि आजाऱ्याला बरं करायचं अर्धं काम त्याच दारातून आत यायचं. पोती, क्रेट, दुधाचे कॅन. पण काचेच्या दारातल्या लोकांना मागे वळून बघायला सवड नव्हती. काय खावं यावर ते पेशंटला तासभर ऐकवतील, पण ताटातला पालक कुठून आला हे विचारायचे नाहीत.

त्या मागच्या दारावर राज्य होतं मावशीचं. मुख्य स्वयंपाकीण, साऱ्या स्वयंपाकघराची मावशी. डोक्याला फडकं, हातात पळी आणि तोंड असं, की स्टोअरवालासुद्धा खाकरून आत यायचा. भाजी तिच्याच धाकट्या भावाच्या शेतातून यायची. रोज सकाळी टेम्पो लागायचा. हॉर्नवरचा हात काही केल्या न काढणाऱ्या ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणत. भोंगा माल उतरवायचा, आणि त्या ढिगात सगळ्यात वर एक पिशवी असायची, तोंडाला जुन्या चादरीची लाल चिंधी बांधलेली. ती मावशीच्या घरची.

घरची म्हणजे काय, ते स्पष्टच सांगायला हवं. भावाने विहिरीलगत एक वाफा राखला होता. त्यात शेणखत, पालापाचोळा, आणि अळ्या हाताने वेचायच्या. तिथे औषध मारायचं नाही हा घरचा नियम. तिथलं स्वतः खायचं आणि बहिणीला पाठवायचं. बाकीचं शेत विकण्यासाठी. त्यावर पाठीला पंप लावून फवारणी, आणि पानं चकचकीत दिसावीत म्हणून कापायच्या आधी आणखी एक. औषध म्हणायचं हं त्याला! ज्याने बांधावरचे बेडूक गेले, फुलांवरच्या मधमाश्या गेल्या, भावाच्या बोटांची सालं निघाली, ते औषध. आणि ते मारणारा कष्टाळू.

मावशीला हे सगळं ठाऊक होतं. पण ठाऊक असलेली गोष्ट माणूस डोक्याच्या कुठल्या कोपऱ्यात टाकून देतो, ते त्याचं त्यालाच कळत नाही. वर्षानुवर्षं ती चिंधीची पिशवी खांद्याला अडकवून घरी जात होती, आणि तिला कधी ते ओझं जड झालं नव्हतं.

एका सकाळी टेम्पो उशिरा आला. मावशी आधीच तापलेली. भोंग्याने घाईघाईत माल उतरवला, तिने वरची पिशवी उचलून खुंटीला अडकवली. चिंधी दिसली नाही. भावजय विसरली असेल, असं म्हणून ती कामाला लागली. इतक्यात भाजी निवडणारी बाई किंचाळली. ही बाई बोलायला लागली की थांबत नसे, म्हणून तिचं नाव रेडिओ.

"मावशी! पालकात अळी! जिवंत! वळवळतेय बघा!"

"मग काय तिला खुर्ची देऊ? टाक बाहेर आणि धू नीट."

संध्याकाळी मावशीने घरी जाऊन तो खुंटीवरचा पालक उकडला, घोटला आणि नातीला भरवला. नात नुकतीच वरचं खायला लागली होती. पहिल्या चमच्याला तोंड वेडंवाकडं केलं, दुसऱ्याला जरा विचार केला आणि तिसऱ्याला पाखरासारखी चोच उघडली. वाटी रिकामी झाली. मावशीने लेकीला बोलावून ती वाटी दाखवली, जणू स्वतःच परीक्षेत पास झाली होती.

दुसऱ्या सकाळी टेम्पोच्या मागच्या फाळक्याला लाल चिंधी बांधलेली दिसली.

"हे काय रे?"

"काल वाटेत फाळका निसटला, मावशी. बांधायला काही नव्हतं, म्हणून तुमच्या पिशवीची चिंधी सोडली," भोंगा म्हणाला. "पिशवी उघडी पडली ना, मग सांडू नये म्हणून क्रेटांच्या मध्ये दाबून बसवली. मिळाली की नाही?"

मावशीने खुंटीकडे पाहिलं. ती अळी आपल्या वाफ्यातली होती. घरचा पालक हॉस्पिटलच्या पातेल्यात गेला होता, आणि बाजाराचा तिने चमच्याचमच्याने नातीला भरवला होता.

तिने लेकीला फोन लावला. "तिला काही होतंय का? उलटी? पोट?"

"आई, ती पायाचा अंगठा चोखतेय. तुला काय झालंय?"

तेवढ्याने मावशीचं समाधान होईना. फडकं तसंच डोक्याला ठेवून ती जिना चढली आणि मुलांच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंपुढे धापा टाकत उभी राहिली. बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"एकदा खाल्लंय ना? घाबरू नका. लक्ष ठेवा, काही वाटलं तर घेऊन या. हां, रोज रोज असलं पोटात जाणं मात्र वाईट. लहान मुलांना तर फारच."

"रोज," मावशी म्हणाली.

तेवढ्यात मागे लिफ्टचं दार उघडलं. जेवणाची ट्रॉली बाहेर आली. तिच्याच स्वयंपाकघरातली, तिनेच भरून पाठवलेली. छोट्या छोट्या वाट्यांमध्ये हिरवंगार सूप. बाई सरकून ट्रॉलीला वाट करून देत म्हणाल्या, "चला, आमच्या चिमण्यांची वेळ झाली."

मावशीने ट्रॉलीचा दांडा धरला. "हे राहू द्या. आज बिघडलंय. डाळीचं पाठवते."

खाली आल्यावर तिने पातेलं मोरीत उपडं केलं. रेडिओ आ वासून बघत राहिली. "मावशी, चांगलं होतं की! मी चाखलं होतं!"

"तेच तर," मावशी म्हणाली, आणि डाळ धुवायला घेतली. एका वाटीसाठी आपण जिना धावत चढलो, आणि ही ट्रॉली रोज आपणच भरत होतो. हा विचार डाळीबरोबर शिजत राहिला आणि मऊ काही होईना.

दुपारी काम आटपल्यावर तिने बाजाराच्या पालकाची एक पिशवी घेतली आणि रिकामा टेम्पो परत नेणाऱ्या भोंग्याच्या शेजारी जाऊन बसली. सगळ्या वाटेत भोंग्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही.

भाऊ अंगणात पंप धूत होता. "ताई? न कळवता? सगळं बरं ना?"

"बरं आहे. आज माझ्या हातचं खा, धाकट्या."

तिने भावजयीला चुलीपासून बाजूला केलं, पालक धुतला, चिरला, लसणावर परतला. ताट वाढून भावापुढे ठेवलं. भावाने आधी ताटाकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या पिशवीकडे.

"हा वाफ्यातला नाही."

"मग काय परका आहे? तुझाच आहे."

"भूक नाही मला."

"पंप धुवून भूक मेली होय?"

भाऊ उसळला. "मला एकट्याला काय धरतेस? कोबीत अळी निघाली म्हणून अख्खा क्रेट परत कोणी पाठवला होता? वर निरोप काय, तर धाकट्याला सांगा, इथे अळ्यांचं हॉस्पिटल नाही! कोणाचे शब्द ते?"

शब्द मावशीचेच होते. तेव्हा सारं स्वयंपाकघर खो खो हसलं होतं, आणि सगळ्यात मोठ्याने ती स्वतः.

तिने ताट आपल्याकडे ओढलं, घास केला आणि तोंडाकडे नेला. भावाने तिचं मनगट पकडलं.

"नको, ताई."

"का?"

"परवाच मारलंय. इतक्या लवकर कापायचं नसतं."

"मग कापलंस का?"

"तुमच्या स्टोअरवाल्याला रोज लागतं. आणि आरशासारखं लागतं. एक भोक दिसलं की तोंड फिरवतो."

त्याने मनगट सोडलं नव्हतं. त्याची बोटं तिच्या कातडीला खरखरीत लागत होती. नखांच्या कडेला चिरा पडल्या होत्या.

"दुखतं का रे?"

"सवय झालीय."

"मी ज्यांना वाढते ना, ती माणसं आधीच आजारी आहेत रे," मावशी म्हणाली.

भावजयीने ताट उचललं. दारापर्यंत गेली आणि थांबली. "शेळीला घालू?"

"नको!" दोघं एकदम म्हणाले.

"मग कोंबड्यांना?"

"नको म्हटलं ना," भाऊ म्हणाला.

"मग टाकू कुठे?"

भाऊ उठला, कुदळ घेतली आणि अंगणाच्या पार टोकाला, विहिरीपासून लांब, खड्डा करायला लागला. शिजवलेलं, लसणावर परतलेलं अन्न पुरायला खड्डा! मावशी उंबऱ्यात बसून बघत होती. तो परत आला तेव्हा ती म्हणाली, "भोकं असलेला माल पाठव. मी घेईन. अळ्या मी वेचीन."

"आणि स्टोअरवाला?"

"त्याला मी बघते."

"तुझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित."

भाऊ बराच वेळ कुदळीची माती खरवडत राहिला. "कोबी नाही जमणार," तो शेवटी म्हणाला. "बिनफवाऱ्याचा कोबी मला अजून येत नाही."

"मग कोबी नको."

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पालक कितीतरी दिवस आलाच नाही. पहिलं पीक अळ्यांनी फस्त केलं आणि भावाने फोनवर ताईला नको नको ते ऐकवलं. पण एका सकाळी भोंगा गल्लीच्या तोंडापासूनच बोंबलत आला. टेम्पोत पिशव्या पूर्वीच्या निम्म्याही नव्हत्या. मात्र प्रत्येकीच्या तोंडाला लाल चिंधी. भावजयीने अख्खी चादर फाडली होती.

स्टोअरवाल्याने एक पान उजेडात धरलं. त्याच्या भोकातून त्याचा डोळा दिसत होता. "मावशी, हे काय? पेशंटला असलं वाढणार?"

"साहेब, अळीने चाखून पाहिलंय, आणि अळी ठणठणीत आहे. आणखी कुठला रिपोर्ट हवाय?"

रेडिओ हसून हसून पाटावरून पडायची बाकी राहिली. स्टोअरवाल्याचे कान लाल झाले. "मी वर कळवतो."

"कळवा. आणि वरून जो येईल त्याला माझ्याकडे जेवायला पाठवा."

तो तरातरा निघून गेला. तो कळवेल हे मावशीला माहीत होतं. तिने पळी उचलून सूप चाखलं. मीठ कमी होतं, टाकलं. मग ट्रॉली तिने स्वतः ढकलत लिफ्टपर्यंत नेली.

संध्याकाळी निघताना खुंटी रिकामी होती. सकाळी पिशवी बाजूला काढायची राहूनच गेली होती. कोपऱ्यात उद्यासाठी ठेवलेल्या पिशव्या होत्या, सगळ्या चिंधीच्या. मावशी वाकली, सगळ्यात खालची, जराशी चेपलेली पिशवी ओढून काढली आणि खांद्याला अडकवून घरी गेली.